आधीचा झपाटलेला, नवा मांत्रिक : डार्क फोर्ट्रेसचा 'आयडोलॉन'

इसारकाठचा (धागाकर्ता)

मेटलवर (कानठळ्या बसवणारं रॉक संगीत) धागा काढला की तिसऱ्या प्रतिसादात 'याला संगीत म्हणतात का' सुरू होतं, हे ठाऊक आहे. तरी काढतोय. गेला आठवडाभर ऑफिसला जाता-येता एकच अल्बम ऐकतोय आणि घरात त्यावर बोलायला कोणी नाही. बायकोने वाढदिवसाला हेडफोन दिला, त्यामागचा हेतू अगदी स्पष्ट आहे.

बँड : डार्क फोर्ट्रेस. गाव : लांड्सहूट, बव्हेरिया. मी म्युनिकला असतो, तिथून ट्रेनने पाऊण तास. लोक लांड्सहूटला जातात ते सेंट मार्टिन चर्चचा एकशेतीस मीटरचा विटांचा मनोरा बघायला. नाहीतर दर चार वर्षांनी होणाऱ्या 'लग्ना'ला. १४७५ साली इथल्या ड्यूकच्या मुलाचं पोलंडच्या राजकन्येशी लग्न लागलं, त्याची वरात अजून अख्खं गाव जुने पोशाख घालून काढतं. अशा गोडगोजिऱ्या गावात १९९४ साली काही पोरांनी ब्लॅक मेटल बँड काढला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेत याला रूप आलं. गिटारवर एकच सूर मँडोलिनसारखा भराभर छेडत राहायचा, खाली ड्रमचा अखंड मारा, आणि वर गायक किंचाळतो. शब्द कळत नाहीत. कळावेत अशी अपेक्षाही नसते.

तर 'टेल्स फ्रॉम इटर्नल डस्क' (२००१), 'प्रोफेन जेनोसायडल क्रिएशन्स' (२००३), 'स्टॅब वूंड्स' (२००४) आणि 'सेआन्स' (२००६), हे चारही अल्बम अझाथोथ या गायकाचे. (मेटलवाले स्वतःच्या नावाने गात नाहीत. हे नाव लव्हक्राफ्टच्या भयकथांमधल्या एका आंधळ्या, बुद्धिहीन देवाचं.) 'सेआन्स' म्हणजे आपल्याकडचं प्लँचेट. वाटी सरकवत बसणारे लोक डोळ्यांपुढे आणा आणि अल्बम लावा, नेमका तसाच आहे. काळोख, जडपणा, खोलीत कोणीतरी जास्तीचं आहे असं वाटत राहणं. 'इन्सोम्निया' रात्री दोनला ऐकलंत तर नावाचा अर्थ आपोआप कळतो.

२००७ मध्ये अझाथोथ बँड सोडून गेला. बँड तेव्हा कुठे जरा मोठ्या मंचावर पोचत होता. अशा वेळी साधा मार्ग असतो : त्याच धाटणीचा आवाज शोधा, लोकांना फरक कळणार नाही असं बघा. यांनी आणला मोरियान. खरं नाव फ्लोरियान माग्नुस मायर. माणूस फ्लामेन्को गिटार आणि शास्त्रीय रचना शिकलेला, रॉटरडॅमला स्थायिक, ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहिणारा. डार्क फोर्ट्रेसचा गिटारवादक व्ही. सांटुरा आणि तो नॉनयुक्लिड नावाच्या बँडमध्ये एकत्र होतेच, त्यामुळे पूर्ण अनोळखी नव्हता. पण ब्लॅक मेटलवाल्यांच्या नजरेने बघा : स्वरलेखन करून, नोटेशनचे कागद घेऊन येणारा गायक!

२००८ च्या सुरुवातीला 'आयडोलॉन' आला.

मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत जाणवलं ते आवाजाचं वेगळेपण नव्हे. वेगळेपण तर असणारच. जाणवलं ते असं की गाण्यातला बोलणारा माणूसच बदललाय. अझाथोथ ऐकताना वाटायचं, याला लागलंय. हा स्वतः बोलत नाही, याच्यातून दुसरं कोणीतरी बोलतंय आणि याला ते सोसत नाहीये. आवाज खरवडलेला, वाक्याच्या शेवटाला तुटणारा. मोरियान ऐकताना वाटतं, हा मांडी घालून बसलाय, समोर राख आहे, आणि कुठल्या शब्दानंतर काय होणार हे त्याला पक्कं माहीत आहे. उच्चार स्पष्ट. इतके, की किंचाळण्यातसुद्धा ओळ कळते. मध्येच आवाज खाली उतरवून तो जवळजवळ कथन करतो. 'एज ऑफ नाइट'मध्ये तर वेग पडतो आणि साध्या गळ्याचं गाणंही येतं.

आधीचा झपाटलेला होता. नवा मांत्रिक आहे. मला एवढंच म्हणायचंय.

आणि बँडने हे झाकलेलं नाही. जुन्या चाली तशाच ठेवून त्यावर नवा गळा चिकटवला असता तर दोन्ही गेलं असतं. यांनी गाण्यांनाच मोकळी जागा दिली. 'सेआन्स'मध्ये गिटार भिंतीसारखी उभी असते. इथे ती दर थोड्या वेळाने बाजूला होते आणि मांत्रिकाला बोलू देते.

मत सांगा. दगड मारायचे असतील तर छोटे मारा.

चकलीसम्राट

याला संगीत म्हणतात का?

(तिसऱ्या प्रतिसादापर्यंत कशाला थांबायचं.)

निमूट

वाचतेय. मेटलमधलं ओ की ठो कळत नाही, पण वाटी सरकवणारे लोक डोळ्यांपुढे आले.

जुनाट कॅसेट

धागा वाचला आणि लॉगिनचा पासवर्ड शोधून काढला. आठ महिन्यांनी लिहितोय, त्यावरून समजा.

मी 'स्टॅब वूंड्स'पासूनचा. डोंबिवलीच्या एका सायबर कॅफेत रात्रभर डाउनलोडला लावून सकाळी पेनड्राइव्ह घ्यायला जायचो. मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या कॅसेट-सीडीच्या दुकानात असलं काही मिळायची आशा नव्हती, तिथे फार तर मेटालिका. तर माझा मुद्दा.

तुझी उपमा चांगली आहे, पण तीच उलटी वाच. मांत्रिक आला की घरातले सुटकेचा श्वास टाकतात. म्हणतात, चला, आता बघून घेईल हा. म्हणजे भीती गेली ना! ज्याला लागलंय त्याच्या खोलीत बसायला घाम फुटतो. मांत्रिकाच्या समोर आपण प्रेक्षक असतो. 'सेआन्स' मला अजून एकट्याने ऐकवत नाही. 'आयडोलॉन' मी भांडी घासताना ऐकू शकतो. उत्तम बांधलेला, उत्तम वाजवलेला अल्बम आहे, नाकारत नाही. पण ब्लॅक मेटल भांडी घासताना ऐकता येत असेल तर काहीतरी चुकलंय.

आणि ते स्पष्ट उच्चार. अरे, ते कशाला हवेत? आजोबांना अर्धांगवायू झाल्यावर ते जे बोलायचे ते आम्हाला कळायचं नाही, पण त्यांना काय होतंय ते सगळ्यांना कळायचं. अझाथोथचं तसं होतं.

इसारकाठचा

@जुनाट कॅसेट : आजोबांचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. मुद्दा पोचला.

पण एक शंका. झपाटलेला माणूस चार अल्बम झपाटलेलाच राहतो, तेव्हा पाचव्यात तो नाटक करत असतो. 'सेआन्स'च्या पुढे त्या वाटेवर जागा उरली होती असं तुला खरंच वाटतं?

जुनाट कॅसेट

जागा नव्हती. म्हणून तर तो गेला असेल. पण मग घराला कुलूप लावायचं, भाडेकरू नाही ठेवायचा.

खर्जातली

मी शास्त्रीय गाणं शिकवते, मुलगा अकरावीत आहे आणि त्याच्या खोलीतून हे असले आवाज येतात, म्हणून धागा उघडला. गंभीरपणे विचारते : असं रोज गाऊन गळा टिकतो कसा? माझ्या क्लासमध्ये कोणी वरच्या पट्टीत जोर लावला तरी मी ओरडते.

आणि हो, तुम्ही जे झपाटलेला-मांत्रिक म्हणताय ते आमच्याकडेही असतं. गायक रागात बुडालेला असणं आणि गायक राग दाखवत असणं. दुसऱ्याला कमी लेखायची आपल्याकडे फॅशन आहे. पण दहा हजार लोकांसमोर दीड तास गायचं असेल तर दुसराच उपयोगाला येतो, हे कोणी कबूल करत नाही.

वाचासिद्धी

@खर्जातली : मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून बोलतो. आपले खरे स्वरतंतू स्वरयंत्रात असतात. त्यांच्या किंचित वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी बोलताना त्या बाजूला असतात. हे गायक त्या घड्या जवळ आणून थरथरवतात. खरबरीतपणा तिथून येतो, खालच्या तंतूंवर तितका ताण पडत नाही. तिबेटी लामा जे अतिखर्जात पठण करतात त्यातही या वरच्या घड्या कामाला लागतात.

ऐकणाऱ्याला वाटतं माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय. जो नीट शिकलाय त्याचा मूळ आवाज बऱ्याचदा बोलण्याइतकाच असतो, बाकी माइक करतो. जो शिकला नाही तो मात्र खरंच ओरडतो. माझ्याकडे येतात ते हेच. मुलाला विचारा, गाऊन झाल्यावर घसा दुखतो का. दुखत असेल तर चुकतोय.

खर्जातली

विचारलं. म्हणाला, दुखतो. पण सांगू नको कोणाला.

सांगितलं.

चकलीसम्राट

खिक्! चहा स्क्रीनवर.

ढोलपथक

जर्मन ब्लॅक मेटलमध्ये 'नवा गायक' या विषयावर धागा आहे आणि अजून झिंगुल्टुसचं नाव कोणी घेतलं नाही? निषेध.

आखनच्या नागेलफार बँडचे आधीचे अल्बम यांडरच्या आवाजात होते. २००१ च्या 'व्हायरस वेस्ट'ला आला झिंगुल्टुस. तो अल्बम आज जर्मन ब्लॅक मेटलमधल्या मोठ्या कामांत धरतात, आणि बँड त्यानंतर संपला. पुढे कीलच्या एंडश्टिले बँडमधून त्यांचा गायक इब्लिस २००९ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी कोण? परत झिंगुल्टुस. मग २०११ ला 'इन्फेक्त्सिओन १८१३'. म्हणजे हा माणूस दोन वेळा दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसलाय, आणि दोन्हीदा ताट स्वच्छ केलंय.

या अल्बमवर मात्र माझं मत धागाकर्त्याच्या बरोबर उलटं आहे. एंडश्टिलेने काहीच बदललं नाही. तीच तोफखान्यासारखी सरळसोट चाल. गायक बदलला, गाडी तीच. आणि तेच मला आवडलं. प्रत्येक वेळी घराची मोडतोड कशाला? १८१३ म्हणजे लाइपझिगची लढाई, ऑक्टोबरमधले चार दिवस, नेपोलियन हरला ती. जर्मनमध्ये तिला 'फोल्करश्लाख्ट' म्हणतात, राष्ट्रांची लढाई. अल्बमच्या शेवटच्या गाण्याच्या नावात शब्द आहे 'फोल्करश्लेख्टर'. नुसती दोन अक्षरं हलली आणि लढाईचा खाटीक झाला. मला जर्मन येत नाही, हे हॉस्टेलवरच्या एका मित्राने समजावलं होतं, तेव्हापासून विसरलो नाही.

अवांतर : 'सिंगुल्टुस' म्हणजे लॅटिनमध्ये उचकी. गायकाने स्वतःचं नाव उचकी ठेवलंय!

निमूट

जुन्या गायकाची कोणीतरी आठवण काढत असणार. :)

ढोलपथक

@निमूट : दंडवत घ्या.

सरळमार्गी

प्रश्न आवडणार नाही, तरी विचारतो. जर्मनी, युद्ध, तोफा, काळे कपडे. हे लोक नाझी वगैरे नाहीत ना? मुलं ऐकतात म्हणून विचारतोय.

इसारकाठचा

@सरळमार्गी : प्रश्न रास्त आहे, इथले लोकही विचारतात. या संगीतात ती घाण आहे. थुरिंगियातल्या अब्सुर्ड बँडच्या पोरांनी १९९३ साली एका शाळकरी मुलाचा खून केला, आणि पुढे ते नाव उघड नाझी संगीताशी जोडलं गेलं. एंडश्टिलेवर युद्धाच्या चित्रांमुळे संशय घेतला गेला, त्यांनी तो नाकारला. डार्क फोर्ट्रेसची गाणी मृत्यू, आत्मा, अंतराळ यांच्यावर, राजकारणाचा वासही नाही. मुलाच्या फोनवर बँडचं नाव दिसलं तर दहा मिनिटं शोधून बघा, लगेच कळतं.

यावरून आठवलं. इथे आल्यावर पहिल्या दिवाळीला आईने तोरण पाठवलं. मधोमध लाल कापडावर मण्यांचं स्वस्तिक. मी कौतुकाने दारावर लावलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली. ओरडल्या नाहीत. नुसतं तोरणाकडे बघत उभ्या राहिल्या आणि विचारलं, हे तुमच्या देवाचं आहे का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आत लावा ना, देव आत बरा. इथे कलम ८६ अ खाली नाझी चिन्हांना बंदी आहे, आपल्या धार्मिक स्वस्तिकाला नाही. पण आजींना काय कलम वाचून दाखवणार? तोरण आता देवघरावर आहे.

सरळमार्गी

धन्यवाद. आजी आवडल्या.

पोथीवाला

उशिरा आलो. मेटल ऐकत नाही, शीर्षकासाठी आलो.

'आयडोलॉन' हा ग्रीक शब्द. अर्थ छाया, आभास, माणसाचं मागे राहिलेलं रूप. ओडिसीत हेराक्लीस स्वतः देवांच्या पंगतीला बसलेला असतो आणि पाताळात भेटतो तो त्याचा आयडोलॉन. युरिपिडीसच्या नाटकात खरी हेलन इजिप्तमध्ये सुखरूप असते, ट्रॉयला दहा वर्षं लोक मरतात ते तिच्या छायेसाठी. आपल्याकडे रावणाने नेली ती छायासीता, असं अध्यात्म रामायण सांगतं, त्याच जातीची कल्पना.

पण तुमच्या वादाला याहून जवळची गोष्ट संज्ञेची. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा स्वतःची छाया घरात ठेवून निघून गेली. छाया तिच्याच रूपात संसार करू लागली, कोणाला कळलं नाही. बिंग फुटलं कशावरून? तर तिने स्वतःच्या पोटच्या मुलांवर जास्त माया केली, यमाला दुजाभाव जाणवला. आणि त्या पोटच्या मुलांतला एक कोण, तर शनी.

जुन्या गायकाची गाणी नव्याच्या तोंडी कशी लागतात? मैफलीत ती गावी लागत असतीलच. तिथे दुजाभाव दिसतो का, ते सांगा. बाकी पहिला गायक गेल्यावर पहिल्याच अल्बमला 'छाया' नाव देणाऱ्या मंडळींना विनोदबुद्धी आहे, एवढं नक्की.

जुनाट कॅसेट

@पोथीवाला : हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावणार. पंधरा वर्षं मी यम होतो हे मला आज कळलं.

इसारकाठचा

@पोथीवाला : निःशब्द. नावाचा अर्थ मला माहीत होता, पण तो गायकाला लावून बघायचं सुचलं नव्हतं.

दुजाभावाचं सांगतो. मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलंय. जुनं गाणं आलं तेव्हा मोरियानने अझाथोथची नक्कल केली नाही, आणि स्वतःचं वळणही दिलं नाही. जरा सरळ, मान खाली घालून गायला. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण चपला नीट जोडून ठेवतो तसा. स्वतःच्या गाण्यांत मात्र हात उघडले. म्हणजे यमाची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

शनीबद्दलही, म्हणजे छायेच्या स्वतःच्या पोटी काय आलं त्याबद्दलही, सांगण्यासारखं आहे. 'बाफोमेट' या गाण्यात पाहुणा आवाज आहे तो टॉम वॉरियरचा. सेल्टिक फ्रॉस्ट बँडचा. हे संगीत ज्यांच्या खांद्यावर उभं आहे अशा मोजक्या लोकांतला. सांटुरा त्या सुमारास सेल्टिक फ्रॉस्टबरोबर मंचावर गिटार वाजवत होता, त्यातून ही ओळख. २००८ मध्येच वॉरियर त्या बँडमधून बाहेर पडला, ट्रिप्टिकॉन हा नवा बँड काढला आणि सांटुराला सोबत घेतलं. सांटुराचा स्टुडिओ लांड्सहूटला, नाव वुडशेड, म्हणजे सरपणाची खोली.

आता पुढचं बघा. वॉरियरने १९८७ साली एक रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना-रचना) लिहायला घेतलं होतं. पहिला भाग त्या वर्षीच्या 'इन्टू द पँडेमोनियम' अल्बमवर आला आणि मधला भाग तीस वर्षं राहून गेला. तो अखेर पूर्ण झाला आणि एप्रिल २०१९ मध्ये हॉलंडच्या टिल्बर्गला, रोडबर्न महोत्सवात, मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबर वाजला. मधला भाग एकटाच अर्ध्या तासाच्या वर आहे. त्याच्या ऑर्केस्ट्रा रचनेला वॉरियरच्या बरोबरीने कोण बसलं होतं? फ्लोरियान माग्नुस मायर. आपला मोरियान. ज्याच्या पहिल्या अल्बमवर म्हातारा दोन ओळी गायला आला होता, त्यानेच अकरा वर्षांनी म्हाताऱ्याचं अर्धवट पडलेलं श्राद्ध पार पाडायला हात लावला.

@जुनाट कॅसेट, भाडेकरू म्हणालास ना? भाडेकरू असलं करत नाहीत.

खर्जातली

तो अर्ध्या तासाचा भाग आज ऐकला. मुलासोबत. काही जागा मला कळल्या, काही त्याला. तो म्हणाला तू भैरवीसारखं डोळे मिटून का ऐकतेस. म्हटलं, तुम्ही कसं ऐकता? म्हणाला, मान हलवतो. थोडी हलवून बघितली. स्पॉन्डिलायटिस आहे मला, असो.

चकलीसम्राट

मी पण ऐकला 'आयडोलॉन'. प्रश्न मागे घेतो. उत्तर नको, प्रश्नच मागे घेतो.

ढोलपथक

'यलेम' (२०१०) पण ऐका रे कोणीतरी. माझ्या मते मोरियान घरचा झाला तो तिथे. 'व्हेनीरियल डॉन' (२०१४) लांबलचक आहे, सवडीने. २०२० चा 'स्पेक्टर्स फ्रॉम द ओल्ड वर्ल्ड' मला झेपला नाही.

जुनाट कॅसेट

काल शेवटच्या कसारा लोकलने येत होतो. भांडी घासताना नको म्हणून मुद्दाम तिथे 'एज ऑफ नाइट' लावलं. ठाण्यानंतर डबा रिकामा. समोर एक काका, मांडीवर स्टीलचा डबा, बहुधा रात्रपाळीहून. माझ्याकडे बघत होते. खुणेनेच विचारलं, काय ऐकताय. मी एक इअरफोन काढून दिला.

कळवा, मुंब्रा गेलं. काका खिडकीबाहेर बघत ऐकत होते. दिवा स्टेशनला इअरफोन परत दिला, शर्टाला पुसून. म्हणाले, कोणी गेलंय का?

म्हटलं, हो. २००७ मध्ये.